हमीच्या मुदतीत स्कूटरची निगा : मालकाने काय करावे व काय करू नये

खारेपाटातील शेतकऱ्यास बांधाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. उधाणाच्या भरतीने बांधास वीतभर खांड पडली आणि ती त्याच दिवशी बुजविली, तर काम चार घमेली मातीचे असते. तीच खांड आठ दिवस तशी राहिली, तर खारे पाणी शेतात शिरून पुढील दोन-तीन वर्षांचे पीक बुडते. पूर्वी बांधांची दुरुस्ती शेतकरी जोळ करून आपसांत करीत. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला व पुढे योजनेतील बांधांची जबाबदारी सरकारने घेतली. मोठ्या कामास मोठा हात लागतो हे खरेच. परंतु जबाबदारी दुसऱ्याची झाली म्हणून मालकाने बांधावरून फेरी मारणेच सोडले, तर पाणी काही सरकारी मंजुरीची वाट पाहत थांबत नाही.

नव्या स्कूटरच्या बाबतीत आमच्या किनाऱ्यावरील पुष्कळ बागाईतदार हीच चूक करतात. गाडी हमीत आहे, तेव्हा तिला आपण हात लावावयाचा नाही, लावला तर हमी जाईल, अशी समजूत सर्वत्र दृढ झाली आहे. दुसऱ्या टोकास काही हौशी मंडळी अशी आहेत की, गाडी घरी येताच पाने घेऊन तिचे पोट उघडतात. पहिल्याची गाडी गंजते व दुसऱ्याची हमी जाते. आज स्कूटरची किंमत लाखाच्या घरात गेली असून नारळ, सुपारी, पांढरा कांदा, खताची गोणी व घरची माणसे या सर्वांची ने-आण तिच्यावर होते. तेव्हा कोणते काम मालकाचे व कोणते दुकानाचे, ही सीमा नीट ठरविणे अगत्याचे आहे. तीच या लेखात आखावयाची आहे.

हमी कशाची असते

हमी म्हणजे कारखानदाराने दिलेले मर्यादित वचन होय. बनावटीत किंवा धातूत दोष निघाल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त करून अगर बदलून देऊ, एवढाच त्याचा अर्थ आहे. मुदत वर्षांत व किलोमीटरांत, अशी दोन्ही मापांनी दिलेली असते आणि त्यांपैकी जे आधी पुरे होईल तेथे हमी संपते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याची मुदत म्हणूनच कागदावरील वर्षांच्या आधी संपू शकते.

आता हमीत काय येत नाही ते पाहू. झिजणारे भाग, म्हणजे ब्रेकचे गुटके, बल्ब, केबल, रबरी वस्तू इत्यादी, सामान्यतः वगळलेले असतात. टायर व बॅटरी यांची हमी बहुधा त्यांचे त्यांचे कारखानदार निराळी देतात. अपघात, पूर, क्षमतेबाहेरचे ओझे, निकृष्ट तेल, मूळ भागाऐवजी घातलेला नकली भाग यांपासून झालेले नुकसानही वगळलेले असते. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाऱ्या हवेने चढणारा गंज पुष्कळ हमीपत्रांत स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. म्हणजे किनाऱ्यावर गाडीचा जो प्रमुख शत्रू, त्याच्याविरुद्ध हमीचे बळ नाही. तेथे मालकाची निगा हेच एकमेव साधन उरते.

‘फ्री सर्व्हिस’ या शब्दानेही फसू नये. तीत मजुरी माफ असते. तेल, गाळणी व झिजलेले भाग यांचे पैसे द्यावेच लागतात. तरीही या तपासण्या मुळीच चुकवू नयेत. ठरलेल्या मुदतीत, अधिकृत दुकानात व पुस्तिकेवर शिक्का घेऊन त्या करणे ही बहुतेक हमीपत्रांची मुख्य अट असते. पहिली तपासणी गाडी घेतल्यावर थोड्याच आठवड्यांत येते. नेमकी ती भातलावणीच्या किंवा सुपारी उतरविण्याच्या घाईत राहून जाते आणि पुढे दोष निघाला असता दुकानदार त्याच रिकाम्या रकान्यावर बोट ठेवतो.

समुद्रकाठी लोखंड का गंजते

मिठाचा गुण ओल ओढून घेण्याचा आहे. वाऱ्याबरोबर येणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार पत्र्यावर बसतात, पाणी उडून जाते व मीठ मागे राहते. रात्री दमट हवेत तेच मीठ पुन्हा ओले होते. अशा रीतीने उन्हाळ्यातसुद्धा लोखंडाच्या पृष्ठावर ओलीचा पापुद्रा राहतो व मिठातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर फोडून गंजास वाट करून देते. दिघी-आगरदांडा किंवा वेश्वी-बागमांडले येथे गाडी जंगलीवर चढवून खाडी ओलांडणारे, तसेच १५ मार्च २०२० पासून सुरू झालेल्या मांडव्याच्या रो-रो बोटीने मुंबईस जाणारे, यांच्या गाडीवर हे तुषार विशेष बसतात. काशीद, नागाव, दिवेआगर अशा ठिकाणी पुळणीवर गाडी घालणाऱ्याविषयी तर बोलावयासच नको.

दुसरे कारण वाडीतलेच आहे. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण बोर्डो मिश्रण करतो. चुना कमी पडला की नाही हे पाहण्यास लोखंडी कोयता त्यात बुडवितात आणि त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालतात, हे प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातील तांबे होय, आणि ते चढते तेव्हा कोयत्याचे लोखंड विरघळलेले असते. हेच स्कूटरच्या पायफळीखाली, स्टँडवर व नटबोल्टांवर घडते. मोरचुदाची पिशवी, रासायनिक खताची गोणी, सुक्या मासळीची टोपली अथवा मिठाचे पोते गाडीवरून नेल्यास त्याच दिवशी गोड्या पाण्याने ती जागा धुवावी. यास पाच मिनिटे लागतात. सडलेली पायफळी बदलण्यास मात्र दिवस व पैसे दोन्ही लागतात.

मालकाने निःशंकपणे करावयाची कामे

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हीच या बाबतीत प्रमाण होय. तीत जी कामे मालकावर सोपविली आहेत ती केल्याने हमीस बाध येत नाही; उलट ती न केल्यास निष्काळजीपणाचा ठपका येऊ शकतो. ही कामे पुढीलप्रमाणे आहेत.

धुणे. आठवड्यातून एकदा, व खाडी ओलांडल्यावर किंवा पुळणीवरून आल्यावर त्याच दिवशी, गोड्या पाण्याने गाडी धुवावी. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरून धुण्याचा हेतूच फसतो. अशा वेळी पावसाचे साठविलेले किंवा नळाचे पाणी घ्यावे. इंजिन गार झाल्यावरच पाणी टाकावे. पंपाचा जोरदार फवारा सायलेन्सरच्या तोंडात, हवेच्या गाळणीकडे, विजेच्या जोडांवर किंवा चाकाच्या मध्यावर मारू नये. मडगार्डची आतील बाजू, पायफळीचा तळ व स्टँडची स्प्रिंग या जागा दिसत नाहीत म्हणून राहून जातात, आणि गंज तेथूनच सुरू होतो. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक दोन-चारदा हलके दाबावेत, म्हणजे ते कोरडे होतात.

झाकणे. पावसाळ्यात कोळी बांधव होड्या झापांनी शाकारतात, त्यात झापांतून हवा खेळती राहते हे लक्षात घ्यावे. ओल्या गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे होय. गाडी आधी कोरडी करून छपराखाली, खतांच्या गोणींपासून दूर ठेवावी.

तेलाचा हात. स्टँडचे सांधे, पायटेकणीच्या खिळी व केबलांची उघडी टोके यांस महिन्यातून एकदा योग्य ते वंगण लावावे. वंगण टायरवर, ब्रेकच्या ड्रममध्ये अथवा डिस्कवर जाता कामा नये. घरचे खोबरेल यासाठी वापरू नये. ते थंडीत थिजते, कालांतराने चिकट होते व धूळ धरते.

टायर. हवा आठवड्यातून एकदा, चाक थंड असताना तपासावी. योग्य दाब पुस्तिकेत किंवा गाडीवरील पट्टीवर दिलेला असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो रोजच्या उपयोगाचा नव्हे. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात दाब अधिक लागतो, तोही पुस्तिकेत सांगितलेला असतो.

ब्रेक. मूठ दाबली असता ब्रेक धरण्यापूर्वी ती थोडी मोकळी फिरते. हा मोकळेपणा किती असावा ते पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. ड्रमच्या ब्रेकचा नट फिरवून तो राखण्याचे काम पुष्कळ पुस्तिकांत मालकास सांगितलेले आहे. नट फार आवळल्यास ब्रेक घासत राहतो व ड्रम तापतो; म्हणून चाक हाताने फिरवून मोकळे आहे याची खात्री करावी. ड्रमवरील बाण झिजेच्या खुणेशी आला म्हणजे गुटके संपले असे समजून दुकानाकडे जावे.

इंजिनचे तेल पाहणे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पट्टी पुसून तेलाची पातळी पाहावी. लहान स्कूटरच्या इंजिनात तेल एक लिटरहूनही कमी असते. त्यामुळे थोडी घटसुद्धा महत्त्वाची ठरते. भर घालावी लागल्यास पुस्तिकेतील प्रतीचेच तेल घालावे. डब्यावरील जासो एमए व जासो एमबी या दोन खुणांतील भेद ध्यानात ठेवावा. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, तिला एमए लागते. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला बहुधा एमबी सांगितलेले असते. घरात दोन्ही वाहने असतील तर एकच डबा दोघांना वापरू नये.

बॅटरी. टोकांवर पांढरा अगर हिरवट क्षार चढला तर तो पुसून, टोके कोरडी करून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. बॅटरी सोडविताना ऋण टोक आधी व बसविताना धन टोक आधी, हा नियम चुकवू नये. फ्यूज जळाल्यास तितक्याच ॲम्पिअरचा दुसरा घालावा; तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज घातल्यास सर्व तारा जळण्याचा धोका असतो आणि ती खूण दुकानदारास सहज दिसते.

लांब फेरी. घरापासून वाडीपर्यंतच्या दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांनी सायलेन्सर पुरता तापत नाही व जळणातून उत्पन्न होणारे पाणी त्यात साचून तो आतून गंजतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवावी.

दुकानाकडेच न्यावयाची कामे

भारत स्टेज ६ ची प्रदूषण-मर्यादा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. तेव्हापासूनच्या स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारी विजेवर चालणारी यंत्रणा आली असून धुराच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसविलेला असतो. आकुर्डीस १९७२ पासून निघालेल्या जुन्या चेतकचा प्लग काढून, घासून, पुन्हा बसविणे हे प्रत्येक मालकास येत असे. त्या अनुभवाच्या जोरावर नव्या यंत्रास हात घालू नये. पेट्रोलची फवारणी, सेन्सर, इंजिनचे झडप-अंतर, पट्ट्याचे आवरण व क्लच, डिस्क-ब्रेकचे तेल आणि मुख्य तारांचे जाळे ही सर्व कामे हमीच्या मुदतीत अधिकृत दुकानाचीच समजावीत. तार कापून जादा दिवा किंवा भोंगा जोडणे हे तर विजेची हमी गमावण्याचे सर्वांत सोपे साधन आहे. सायलेन्सर बदलणे किंवा गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणे यात हमीबरोबर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचाही प्रश्न येतो.

तेल बदलणे, हवेची गाळणी व प्लग ही कामे सीमेवरची आहेत. करण्यास ती अवघड नाहीत. परंतु नियमित तपासणीत ती व्हावयाचीच असल्याने घरी करून पुराव्याचा प्रश्न ओढवून घेण्यात लाभ नाही. गाळणीबाबत एक सूचना अवश्य करावयाची आहे. पुष्कळ स्कूटरमध्ये तेलाने भिजविलेली कागदी गाळणी असते. ती झटकून किंवा हवेने फुंकून साफ करता येत नाही. तसे केल्यास ती निकामी होते. धुळीच्या वाटेवर गाडी चालत असेल तर ती मुदतीपूर्वी बदलून घ्यावी.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मालकाने टायर, ब्रेक व धुणे यांपलीकडे जाऊ नये. चालविण्याच्या बॅटरीची पेटी उघडणे हमीस तर घातक आहेच, जिवासही आहे.

बाहेरच्या मेस्त्रीकडे गेल्यास

गाडी रस्त्यात बंद पडली व अधिकृत दुकान दूर असले तर गावच्या मेस्त्रीस बोलवावे लागते. एवढ्याने सर्व हमी गेली काय? मोटारगाड्यांच्या सुट्या भागांसंबंधी २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कारखानदारांविरुद्ध निर्णय दिला. बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्यास हमी सरसकट रद्द, अशी अट घालू नये. बाहेरील सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे तत्त्व आयोगाने त्यात मांडले. पुढे त्यावर अपिले झाली, आणि तो निर्णय मोटारगाड्यांचा आहे, स्कूटरचा नव्हे, हे विसरू नये. तथापि न्यायाची दिशा त्यावरून कळते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने हमीसाठी ठराविक छापाचाच भाग वापरण्याची सक्ती करण्यास सामान्यतः मनाई केली आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. तरीही आज स्कूटरच्या मालकाने विसंबावे ते स्वतःच्या हमीपत्रातील शब्दांवर व स्वतःजवळील कागदांवर.

म्हणून वहीचे एक पान गाडीसाठी राखावे. तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम व घातलेली वस्तू एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. तेलाची व भागांची पावती त्याच पानास टाचावी. बाहेर दुरुस्ती करावी लागल्यास दुकानास आधी दूरध्वनी करावा, जुना भाग टाकून न देता जपावा आणि काम सुरू होण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. तपासणीस गाडी देताना तक्रार तोंडी न सांगता जॉबकार्डावर लिहवून घेऊन त्याची प्रत मागावी. हमीच्या मुदतीत लिहून दिलेली तक्रार मुदतीनंतरही पुरावा म्हणून उभी राहते. तोंडी तक्रार दुकानाच्या दारातच विरते.

हमी नाकारली तर

दुकानदाराने हमी नाकारल्यास कारण लेखी मागावे व कारखानदाराकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथेही न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयाची असते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही, असे कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. तेव्हा गाडीवर स्वतःचे नारळ नेले म्हणून शेतकऱ्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र गाडी भाड्याने दिल्यास गोष्ट निराळी.

पूर व वादळ यांविषयी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले व नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी पाण्यात बुडालेली गाडी ‘चालू होते का पाहू’ म्हणून सुरू करणे ही सर्वांत महाग चूक होय. इंजिनात पाणी शिरले असेल तर हवा दबते तसे पाणी दबत नाही, व आतील दांडा वाकतो. बॅटरीचे टोक सोडवावे, छायाचित्रे घ्यावीत व गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्यावी. हे नुकसान हमीत येत नाही. विम्यात येऊ शकते. परंतु नव्या दुचाकीस १ सप्टेंबर २०१८ पासून जो पाच वर्षांचा सक्तीचा विमा आहे, तो केवळ अन्य पक्षाच्या नुकसानीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीसाठी निराळा विमा दरवर्षी चालू ठेवावा लागतो, आणि तो पहिल्या वर्षानंतर चालू आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

सारांश, कारखान्याचा दोष कारखानदाराकडे, यंत्राच्या पोटातील काम दुकानाकडे आणि मीठ, चिखल, हवा व तेल यांवरील रोजची नजर मालकाकडे, अशी ही वाटणी आहे. हमीची मुदत केव्हा तरी संपणारच. त्या दिवशी ज्याची गाडी गंजाविना उभी असेल आणि ज्यास तिचा प्रत्येक आवाज ओळखू येत असेल, त्याला पुढील दहा वर्षे ती साथ देईल. यासाठी लागतात आठवड्याला अर्धा तास, दोन बादल्या गोडे पाणी व वहीचे एक पान.